मृगाचा तेजोमेघ आणि गावची दिवाबत्ती

जूनच्या ७ तारखेच्या सुमारास मृग नक्षत्र लागते आणि यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. पाऊस येतो की नाही, आला तर तो पेरणीजोगा होतो की नाही, या विवंचनेत ते दोन आठवडे जातात. नवल असे, की ज्या नक्षत्राचे नाव त्या दिवसांत घरोघरी घेतले जाते, ते नक्षत्र त्या वेळी कोणासही दिसत नाही. सूर्य मृगात आलेला असतो म्हणूनच मृग लागला असे आपण म्हणतो. साहजिकच मृगाचे तारे तेव्हा सूर्याबरोबर उगवतात आणि सूर्याबरोबर मावळतात. हेच नक्षत्र डिसेंबर-जानेवारीत, तूर शेंगांवर आलेली असताना, जवळजवळ रात्रभर आकाशात असते. हरभऱ्याच्या रात्रीच्या ओलितासाठी मोटार सुरू करावयास गेलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर ते तळपत असते. चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि थोडे दूर, आग्नेयेस, बाण मारणारा तेजस्वी व्याध.

या बाणाच्या दक्षिणेस तीन फिकट ठिपक्यांची आणखी एक लहान ओळ आहे. तिच्यातील मधला ठिपका नीट न्याहाळला तर तो इतर ताऱ्यांसारखा टोकदार न दिसता किंचित पुसट, कापसाच्या बोंडासारखा दिसतो. तो केवळ तारा नव्हे. तो तेजोमेघ आहे, म्हणजे वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड ढग. नवे तारे त्यात जन्माला येत आहेत आणि त्यांच्याच प्रखर किरणांनी तो उजळला आहे. त्याचे अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे आणि विस्तार सुमारे २४ प्रकाशवर्षे आहे. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश बदामीच्या चालुक्यांच्या काळात तेथून निघालेला आहे. आकाशात त्याने व्यापलेली जागा पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या दुपटीएवढी भरते, परंतु तो इतका मंद आहे की डोळ्याला त्याचा केवळ गाभा जाणवतो.

या तेजोमेघाचे छायाचित्र घेणे हे एके काळी मोजक्या वेधशाळांनाच साध्य होते. आज साधा कॅमेरा, एक संगणक आणि चिकाटी असलेला शिक्षक ते करू शकतो. मात्र या कामास लागणारी एक वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती म्हणजे काळोख. आपल्या जिल्ह्यातील बऱ्याच गावांपाशी ती अजून शिल्लक आहे आणि ती टिकविणे बव्हंशी ग्रामपंचायतीच्या हाती आहे. म्हणून छायाचित्रणाच्या तंत्राबरोबर दिवाबत्तीचाही विचार येथे करावयाचा आहे.

हौशी माणसांनी घातलेला पाया

तेजोमेघाचे पहिले छायाचित्र मृगाच्याच तेजोमेघाचे होते आणि ते घेणारी व्यक्ती व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ नव्हती. हेन्री ड्रेपर हे अमेरिकेतील वैद्यकशास्त्राचे पदवीधर व प्राध्यापक होते. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी ११ इंची दुर्बिणीला काच जोडून ५१ मिनिटे प्रकाश साठविला आणि तेजोमेघाचा तेजस्वी भाग त्या काचेवर उमटला. अडीच वर्षांच्या आत, ३० जानेवारी १८८३ रोजी, लंडनजवळच्या ईलिंग येथील अँड्रयू कॉमन यांनी आपल्या घराच्या बागेतील ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने ३७ मिनिटांत त्याहून कितीतरी सरस चित्र मिळविले. कॉमन हे स्वच्छताविषयक कामे करणारे अभियंता होते. त्यांच्या चित्राचे महत्त्व असे, की दुर्बिणीतून डोळ्याला मुळीच न दिसणारे तारे त्यात दिसले. डोळा क्षणभराचा प्रकाश पाहतो आणि तो लगेच सोडून देतो. छायाचित्राची काच मात्र मिनिटामागून मिनिटे तो साठवीत राहते. या एका गोष्टीमुळे खगोलशास्त्राचे स्वरूपच पालटले. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ मध्ये कॉमन यांना सुवर्णपदक दिले.

महाराष्ट्राचाही या तेजोमेघाशी जुना संबंध आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकविणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि सरकारी साहाय्यातून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली; १८८८ मध्ये ती कामाला लागली. त्या काळी तेजोमेघाच्या वर्णपटातील एका हिरवट रेषेवरून इंग्लंडमध्ये वाद पेटला होता. नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष होती, तर विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हते. लॉकियर यांचे म्हणणे खरे असते तर ती रेषा एका बाजूस पुसट व्हावयास हवी होती. नायगमवाला यांनी पुण्याहून मृगाच्या तेजोमेघाचे वेध घेतले आणि ती रेषा धारदार असल्याचे १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सिद्ध केले. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. तिची २० इंची दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात हौशी निरीक्षणाची परंपरा पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने १९४४ पासून आणि पुढे मुंबईच्या खगोल मंडळासारख्या संस्थांनी चालू ठेवली.

जिल्ह्याचे आकाश आणि ऋतू

यवतमाळ सुमारे २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. याचा एक लाभ फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. धनू राशीतील उन्हाळ्याचे प्रसिद्ध तेजोमेघ लंडनहून जेमतेम १४ अंश वर येतात, धुरकटीतच राहतात. आपल्याकडे ते ४५ अंशांपर्यंत चढतात. अगस्त्याच्या बाजूचा, दक्षिण आकाशातील कॅरिना तेजोमेघ युरोपातील बहुतेकांना जन्मात दिसत नाही. यवतमाळहून तो मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण क्षितिजावर सुमारे १० अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. दक्षिणेस टेकडी किंवा गावाचा उजेड नसेल तर त्याचेही चित्र घेता येते.

ऋतूंचा हिशेब मात्र सरळ नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हे काम बंदच ठेवावे लागते. एप्रिल-मेमध्ये पहाटे धनू राशी उत्तम दिसते, परंतु त्या रात्री तापलेल्या असतात. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राहक पट्टीत उष्णतेमुळे आपोआप एक खोटा संकेत निर्माण होतो आणि तापमान सहा-सात अंशांनी वाढले की तो साधारण दुप्पट होतो. जानेवारीच्या रात्रीपेक्षा मेच्या रात्री हा उपद्रव चौपट-पाचपट सोसावा लागतो. शिवाय पऱ्हाटी जाळण्याचा धूर हवेत असतोच. म्हणून नवशिक्याने आरंभ थंडीत आणि मृगापासून करावा हे बरे. डिसेंबरच्या मध्यास मृग मध्यरात्रीच्या सुमारास माथ्याजवळ असतो, फेब्रुवारीच्या मध्यास आठ-साडेआठलाच. म्हणजे शाळकरी मुलांना जागरणही घडत नाही. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच रात्री निवडाव्यात. ओलिताच्या शेताशेजारी मात्र दव फार पडते व तासाभरात भिंग आंधळे होते. पुठ्ठ्याची लांब नळी करून ती भिंगाभोवती बसविली तर बरीच सुटका होते.

जागेबाबत सावधगिरीचे दोन शब्द सांगणे भाग आहे. टिपेश्वर अभयारण्याच्या परिसरात आकाश काळे मिळेल, परंतु अभयारण्यात रात्री जाता येत नाही आणि पांढरकवडा-राळेगाव भागात वाघाचा वावर असल्याने एकट्याने शेतात बसणे शहाणपणाचे नाही. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडण्याचा बेकायदा प्रकारही काही ठिकाणी होतो, हे अंधारात पाऊल टाकताना विसरू नये. शाळेची गच्ची किंवा गावाच्या कडेचे मैदान हीच उत्तम जागा. वणी भागात खुल्या खाणींच्या उजेडाने आणि धुळीने आकाश उजळलेले असते. तेथील निरीक्षकाने खाणी पाठीशी येतील अशी दिशा निवडावी.

दोन फळ्या आणि एक बोल्ट

सुरुवातीस भिंग बदलता येणारा कोणताही डिजिटल कॅमेरा चालतो. जुना, दुसऱ्याने वापरलेला असला तरी हरकत नाही. ५० मिलिमीटरचे भिंग, भक्कम ट्रायपॉड आणि हात न लावता बटण दाबण्याची सोय एवढे पुरे. चांगल्या मोबाइलच्या रात्रीच्या छायाचित्रणानेही, तो ट्रायपॉडवर घट्ट बांधला तर, तेजोमेघाचा गुलाबी ठिपका उमटतो आणि वर्गातील मुलांना तेवढेही पुष्कळ वाटते. फोकस आपोआप जुळू देऊ नये. व्याधासारखा ठळक तारा पडद्यावर मोठा करून तो लहानात लहान दिसेपर्यंत हाताने जुळवावा आणि मग त्याला पुन्हा स्पर्श करू नये. बहुतेकांच्या पहिल्या रात्री येथेच वाया जातात.

खरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची आहे. आकाश दर तासाला १५ अंश सरकते. स्थिर कॅमेऱ्याने ५० मिलिमीटरच्या भिंगातून पाच-सहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ प्रकाश घेतला की ताऱ्यांच्या रेघा होतात. पाच सेकंदांची तीनशे चित्रे घेऊन ती पुढे एकत्र करणे हा एक मार्ग आहे आणि तो वाईट नाही. परंतु कॅमेऱ्यालाच आकाशाबरोबर फिरविले तर अधिक चांगले. त्यासाठी मिळणारी विजेवरची यंत्रे महाग असतात. गावच्या सुताराकडून करवून घेता येईल असे एक साधन मात्र अगदी स्वस्त आहे.

दोन सारख्या फळ्या घ्याव्यात आणि त्या एका कडेला लांब, मुळीच न हलणाऱ्या बिजागरीने जोडाव्यात. बिजागरीच्या अक्षापासून बरोबर २२८.५ मिलिमीटर अंतरावर खालच्या फळीत नट बसवून त्यातून ६ मिलिमीटर जाडीचा, एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे सरकणारा बोल्ट वर काढावा. त्याचे टोक वरच्या फळीला उचलते. वरच्या फळीवर कॅमेरा बसवावा. खालची फळी ट्रायपॉडवर तिरपी धरून बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले असता बिजागरी डाव्या हाताला यावयास हवी. आता बोल्ट मिनिटाला एक फेरा, म्हणजे दर १५ सेकंदांना पाव फेरा, या गतीने घड्याळ पाहून फिरवावा. पृथ्वीचा एक फेरा २३ तास ५६ मिनिटांचा असतो; त्या गतीशी हे अंतर जुळविलेले आहे, म्हणून मोजमापात कुचराई चालत नाही. काळजीपूर्वक केलेल्या अशा फळ्यांवर ५० मिलिमीटरच्या भिंगाने एक-दोन मिनिटांची चित्रे टोकदार ताऱ्यांसह मिळतात. सुमारे दहा मिनिटांनंतर बोल्टाची चूक वाढू लागते, तेव्हा तो परत खाली आणून पुन्हा आरंभ करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील किंवा आठवी-नववीतील मुलांना भूमिती, परिघ आणि कोनीय गती इतक्या जिवंतपणे शिकविणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून केवळ २० अंशांवर असतो. उत्तरेस घर, झाड वा गावाचा उजेड असला तर तो झाकला जातो. तेव्हा जागा पाहण्यास दिवसा जावे आणि ध्रुवाची दिशा मोकळी आहे ना, हे आधी तपासावे.

काळ्या चित्रातून तेजोमेघ

रात्रभर घेतलेली चित्रे संगणकावर उघडली की नवशिक्याची निराशा होते. एकेक चित्र करडे, दाणेदार आणि निर्जीव दिसते. येथून या कामाचा दुसरा आणि खरा अर्धा भाग सुरू होतो.

ग्रामसभेचे उदाहरण घेता येईल. शंभर माणसे एकाच वेळी बोलत आहेत. प्रत्येकाचे इतर बोलणे वेगवेगळे आहे, पण पाण्याच्या टाकीची मागणी मात्र प्रत्येक जण करीत आहे. एका माणसाजवळ उभे राहिले तर गलका आणि मागणी वेगळी करता येत नाही. शंभरांचे बोलणे एकत्र करून सरासरी काढली तर वेगवेगळे बोलणे परस्परांत विरते आणि मागणी स्वच्छ उरते. चित्रांचेही असेच आहे. तेजोमेघ प्रत्येक चित्रात त्याच ताऱ्यांमध्ये त्याच ठिकाणी असतो, तर दाणेदारपणा दर वेळी निराळा पडतो. ताऱ्यांवर तारे बसवून शंभर चित्रांची सरासरी काढली की तो दाणेदारपणा एकदशांशावर येतो. चारशे चित्रांनी तो एकविसांशावर येईल. म्हणजे चित्रे चौपट केली की गुण दुप्पट होतो, त्याहून अधिक नाही. थोड्या खर्चाच्या कॅमेऱ्याने चार रात्री केलेले काम महाग कॅमेऱ्याच्या एका घाईच्या रात्रीपेक्षा सरस ठरते ते यामुळेच. मध्येच चमकून गेलेला उपग्रह किंवा विमान एखाद्याच चित्रात असते आणि संगणक ते वेगळे काढून टाकतो. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल या या कामाच्या संगणकीय प्रणाली विनामूल्य मिळतात.

सरासरीने न जाणारे दोष मात्र वेगळे काढावे लागतात. उष्णतेचा खोटा संकेत प्रत्येक चित्रात त्याच जागी उमटतो. त्यासाठी भिंगावर झाकण लावून, तितक्याच वेळाची वीस-तीस काळी चित्रे त्याच रात्री, त्याच थंडीत घ्यावीत आणि ती मूळ चित्रांतून वजा करावीत. घरी येऊन उबेत घेतलेली काळी चित्रे उपयोगाची नाहीत. दुसरा दोष भिंगाचा: कडांना उजेड कमी पोहोचतो आणि धुळीच्या कणांची वर्तुळे दिसतात. पहाटे उजाडताना भिंगावर धुतलेले पांढरे सुती कापड ताणून घेतलेली दहा-पंधरा चित्रे या दोषाचा नकाशाच देतात. त्यांनी भागले की चित्र सपाट होते. हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि म्हणून टाळला जातो. पुढची सगळी मेहनत मग डाग लपविण्यात जाते.

इतके करूनही हाती आलेले चित्र पडद्यावर जवळजवळ काळेच दिसते, कारण तेजोमेघाचा प्रकाश ताऱ्यांच्या मानाने फार थोडा असतो आणि तो सगळा अंधाराच्या टोकाशी दाटलेला असतो. मंद छटा वर उचलून ठळक छटा तशाच ठेवण्याच्या क्रियेस ताणणे म्हणतात. ते एका झटक्यात न करता थोडे थोडे करावे. प्रत्येक ताणण्याबरोबर पंखासारखे पसरलेले वायूचे पदर एकामागून एक बाहेर येतात. मृगाच्या तेजोमेघात गाभा इतका तेजस्वी आहे की तो पांढरा होऊन जळतो आणि त्यातील चार लहान तारे दिसेनासे होतात. त्यासाठी दोन-तीन सेकंदांची वेगळी चित्रे घेऊन गाभा त्यांतून भरावा लागतो.

रंगाचा प्रश्न हमखास विचारला जातो. दुर्बिणीतून करडा-हिरवट दिसणारा तेजोमेघ चित्रात गुलाबी कसा? मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा हिरवट-निळा प्रकाश हे दोन्ही खरोखर तेथे आहेत. नेहमीच्या कॅमेऱ्यातील गाळणी त्या तांबड्या प्रकाशाचा बराच भाग अडविते, म्हणून काही हौशी लोक ती काढून घेतात. हबल दुर्बिणीच्या काही प्रसिद्ध चित्रांत मात्र गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग हेतुपूर्वक दिलेला असतो. ते फसवणूक नव्हे. नकाशात नदी निळी आणि हद्द तांबडी दाखवितात, तसा तो प्रकार आहे. फक्त तसे लिहिलेले असावे. दुसऱ्याच्या चित्रातील पदर आपल्या चित्रात चिकटविणे, किंवा संगणकाला कल्पनेने तपशील भरू देणे, ही मात्र निराळी गोष्ट आहे. विद्यार्थ्यांसमोर ठेवावयाच्या चित्राखाली कोठून, केव्हा, किती वेळ प्रकाश घेतला आणि काय काय केले, एवढे लिहावे. ते वाचून दुसऱ्याला तेच चित्र पुन्हा मिळविता आले पाहिजे.

ही शिस्त केवळ शोभेची नाही. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील जय मॅकनील या हौशी निरीक्षकाने अवघ्या ३ इंची दुर्बिणीने मृगाच्याच परिसराचे चित्र घेतले, तेव्हा त्यात आधीच्या चित्रांत न आढळणारा एक तेजोमेघ दिसला. एका नवजात ताऱ्याच्या अचानक उजळण्याने तो प्रकट झाला होता. आज तो मॅकनीलचा तेजोमेघ म्हणून ओळखला जातो आणि जगातील मोठमोठ्या दुर्बिणी त्याकडे वळल्या.

दिव्याचा प्रकाश कोठे जातो

आता दिवाबत्तीकडे वळावे. ताणण्याच्या क्रियेत तेजोमेघ वर येतो, तसाच गावाचा उजेडही वर येतो. अनेकदा चित्राच्या एका कोपऱ्यात पिवळट-पांढरा पदर पसरलेला दिसतो. तो आकाशातील नव्हे, चौकातील दिव्याचा असतो. संगणकाने तो काही अंशी वजा करता येतो, परंतु त्याबरोबर तेजोमेघाचे मंद पदरही जातात. शहरात चार तास घेतलेला प्रकाश काळ्या आकाशाखालील अर्ध्या तासाची बरोबरी कष्टानेच करतो.

गावातील दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे काम आहे आणि दिवे नकोत असे कोणीही म्हणणार नाही. रात्री साप-विंचवाचे भय असते, शिकवणीहून परतणाऱ्या मुली असतात, बाजाराहून येणारी माणसे असतात. प्रश्न दिव्याचा नाही, दिव्याच्या तोंडाचा आहे. ज्या दिव्याचा उजेड क्षितिजाच्या वर जातो तो रस्त्यावर पडत नाही. त्याचे वीजबिल मात्र पंचायतच भरते. एलईडी दिवे आल्यापासून वीज वाचली हे खरे, पण पांढऱ्या शुभ्र एलईडीत निळा प्रकाश अधिक असतो आणि हवेत तोच सर्वाधिक विखुरतो. उंच खांबावरचा हायमास्ट दिवा तर अलीकडे गावाच्या प्रतिष्ठेची खूण झाला आहे. दोन गल्ल्यांसाठी लावलेला तो दिवा कित्येक किलोमीटरवरून दिसतो, यात अभिमान वाटण्यासारखे काय, हे एकदा ग्रामसभेत विचारावयास हरकत नाही.

यावर केलेला उपाय फार दूर नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेले ते भारतातील पहिले उद्यान होय. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडेच उजेड टाकणारे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, वरचे आकाश मात्र काळे झाले.

यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामपंचायतीला याहून कमी खर्चाचा आरंभ करता येईल. नवीन दिवे खरेदी करताना झाकण सपाट असलेले, वरून व बाजूने उजेड न सांडणारे आणि ३,००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी रंग-तापमानाचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दिवे मागवावेत. ही अट निविदेतच घालावी लागते, नंतर उपयोग नाही. तिरपे बसविलेले जुने दिवे वायरमनकडून खाली वळविण्यास तर शिडी आणि पाना पुरतो. शाळेच्या मैदानाशेजारचे दोन दिवे आकाशदर्शनाच्या रात्री तासभर बंद ठेवावयाचे असल्यास आधी दवंडी किंवा सूचना द्यावी, म्हणजे गैरसमज होत नाही.

सुधारणा झाली की नाही हे तोंडी सांगण्याचे काम नाही. ते त्याच छायाचित्राने मोजता येते. दरवर्षी जानेवारीच्या अमावास्येस, रात्री दहाच्या सुमारास, शाळेच्या मैदानातील एकाच जागेवरून, त्याच कॅमेऱ्याने व भिंगाने, तितकाच वेळ प्रकाश घेऊन मृगाची दहा चित्रे घ्यावीत. ती ताणू नयेत, रंगवू नयेत. मूळ चित्रातील तारे नसलेल्या काळ्या भागाचे सरासरी मूल्य सिरिलसारखी प्रणाली आकड्यात सांगते. तो आकडा, तारीख, वेळ, हवेची स्थिती आणि त्या वर्षी बदललेल्या दिव्यांची संख्या एका वहीत उतरवावी; वही शाळेत राहावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात. मूळ चित्रेही पुसून टाकू नयेत, कारण मृगात पुढे कधी एखादा नवा तेजोमेघ उजळला, तर तो त्याआधी तेथे नव्हता हे त्या चित्रांवरूनच सांगता येईल.